सेंटरवाला भाऊ

गावातल्या ऑनलाइन कामांच्या सेंटरवाल्या भाऊचं अर्धं वजन त्याच्या मॉनिटरच्या पाठीत असतं. वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीत काय किंवा मानोरा तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, स्क्रीनचं तोंड भाऊकडे आणि पाठ गावाकडे. आत काय चाललंय हे त्याला एकट्यालाच ठाऊक. त्याने डोळे बारीक करून "सर्व्हर डाऊन हाय" म्हटलं की डाऊन. पंधरा एकरांचा मालकसुद्धा सात-बाऱ्यासाठी त्याच्यासमोर रुमाल सावरत बसतो. भाऊ त्या वेळी पत्ते खेळत असला तरी कळायची सोय नाही.

हे राज्य एका रात्रीत जातं. शटर ओढायच्या घाईत "अपडेट करून बंद करा" यावर बोट पडतं आणि सकाळी अक्षरं सुजलेली असतात. जुन्या मशीनच्या डिस्प्ले ड्रायव्हरचं नव्या सिस्टिमशी जमत नाही, मग सिस्टिम आपला कामचलाऊ ड्रायव्हर बसवून मोकळी होते. रेझोल्यूशन घसरून 1024 बाय 768 वर येतं आणि सगळं फुगतं, पसरतं. शून्याला भोपळा का म्हणतात ते त्या दिवशी गावाला दिसतं.

"ह्या अपडेटले कोनं बलावलं होतं?" असं रांगेलाच विचारत भाऊ इलाजाला लागतो. आधी मॉनिटरला चापट. मग सेटिंगमध्ये शिरून सगळ्यात मोठा आकडा निवडतो. स्क्रीन काळी ठिक्कर. रांग श्वास रोखते. बदल मान्य आहे असं कोणी सांगितलं नाही, तर मशीन 15 सेकंदांनी आपोआप जुन्यावर येतं. तसं ते येतं आणि भाऊ मान वळवून म्हणतो, "पाह्यलं? आनला न वापस!"

खरी पंचाईत फॉर्म भरताना. "जमा करा" हे बटण स्क्रीनच्या खाली कुठेतरी बुडालेलं असतं. भाऊ ओठातल्या ओठात मोजत टॅब दाबतो, आणि देवाचं नाव घेऊन एंटर. कधी फॉर्म जातो, कधी भरलेलं सगळं पुसलं जातं. कंट्रोल धरून वजाचं चिन्ह दाबलं की पान लहान होतं, एवढं सोपं आहे ते. पण हे कॉलेजातल्या पोराने सांगितलेलं असतं, म्हणून भाऊ ते करत नाही.

शेवटी वायर तपासायची म्हणून तो मॉनिटर फिरवतो आणि इथे घात होतो. स्क्रीनचं तोंड गावाकडे, त्यावर कोणाचा तरी सात-बारा उघडा, अक्षरं बोटभर. मागच्या बाकावरून आवाज येतो, "काय गा, सोसायटीचा बोजा अजून हायच का तुह्यावर?" ज्याचा सात-बारा तो खाली पाहतो. दुसऱ्याची सामाईक जमीन निघते, तिसऱ्याच्या वारसांत एक बहीण जास्त. कोपऱ्यातली आजी चष्म्याबिगर सगळं वाचते आणि तिला प्रथमच सेंटर आवडतं. भाऊ वायर हातात धरून तसाच वाकलेला. आता मॉनिटर फिरवला तर लोक रागावतील आणि नाही फिरवला तर धंदा गेला.

कारंज्याहून पोरगा येतो, जुना ड्रायव्हर चढवतो, चहा पिऊन जातो. मॉनिटरची पाठ पुन्हा गावाकडे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. जाणकारांनी धोक्याचे इशारे दिले, नवं मशीन घ्या म्हणाले. इकडे सोयाबीनची सोंगणी चाललेली. भाऊने मात्र बातमी दोनदा वाचली आणि रांगेत होते नव्हते तेवढ्यांना चहा सांगितला.

"सुटलो बापा! आता नाई येत अपडेट."

आजीने बशी खाली ठेवली. "मंग बाबू, तुहे अक्षरं आता कधीच मोठे नाई होनार का?"