टेलला पाणी

अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली. खातं मात्र अण्णांमधून अजून निवृत्त व्हायचंय. कुणाच्याही घरी गेले की ते आधी गच्चीवरची टाकी बघून येतात, मग चहा घेतात. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या सासऱ्यांना पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे प्रेशर कसं असतं?" सासरे बिचारे म्हणाले, "गोळी घेतली तर एकशेतीस-पंच्याऐंशी."

अशा माणसाला सेगोव्हियाला नेऊ नये, हे मला कळायला हवं होतं.

माद्रिदच्या उत्तरेला, जलद गाडीने अर्ध्या तासावरचं हे गाव. दोन दिवसांत बघायच्या सहा गोष्टींची यादी मी करून ठेवली होती. अल्काझार नावाचा किल्ला, १५२५ साली बांधायला घेतलेलं कॅथीड्रल, १४७४ साली इसाबेला राणीच्या नावाची द्वाही फिरली ती जागा, कवी अंतोनिओ माचादो १९१९ ते १९३२ या काळात राहिला ते बिऱ्हाड, गावाची तटबंदी. आणि सगळ्यात आधी, बस थांबते तिथेच असलेली रोमन जलवाहिनी. तिला मी पाऊण तास दिला होता.

बसमधून उतरलो आणि अण्णा थांबले. समोर ग्रॅनाइटच्या दुमजली कमानी या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत गेलेल्या. चौकात त्यांची उंची अठ्ठावीस मीटर, म्हणजे आपल्याकडची नऊ मजली इमारत. दीडशेहून जास्त कमानी, वीस हजारांहून जास्त दगड आणि सगळ्या कामात चुन्याचा एक थेंब नाही. नुसता दगडावर दगड, एकमेकांच्या वजनावर उभा. अण्णांनी टोपी काढली. ही टोपी ते देवळातही काढत नाहीत.

"हेमाडपंती आहे," ते म्हणाले.

"रोमन आहे, अण्णा," माझा नवरा म्हणाला. "एकोणीसशे वर्षं झाली."

"ते असू द्या. पद्धत आपली."

पाऊण तासाने मी घड्याळ दाखवलं. अण्णा चौकात नव्हतेच. ते कमानींच्या कडेकडेने चढावर निघाले होते, पाणी येतं कुठून ते बघायला. पाणी डोंगरातून पंधराएक किलोमीटरवरून यायचं. अण्णा तेवढं चालले नाहीत, पण चढ चढत गेले तशा कमानी बुटक्या होत गेल्या आणि शेवटी जलवाहिनी त्यांच्या खांद्याएवढी झाली. तिथे त्यांनी तिच्यावर हात ठेवला. म्हशीच्या पाठीवर शेतकरी ठेवतो तसा. मग मला बोलावून दगडातली एक खोबण दाखवली, पेरूएवढी. "हा चिमटा लावायचा खड्डा. यात चिमटा अडकवून दगड वर ओढला." लेकीने त्यात बोट घालून बघितलं. थोडं पुढे एक दगडी खोली लागली. पाण्यातली वाळू तिथे खाली बसायची आणि निवळलेलं पाणी पुढे जायचं. तिथे तर अण्णांना भरूनच आलं. पंप नाही, वीज नाही, म्हणजे लोडशेडिंगही नाही. नुसता उतार. आणि या उतारावर गावाने थेट विसाव्या शतकापर्यंत पाणी प्यायलं.

"आणि आमच्या योजनेची पाइपलाइन सातव्या वर्षी फुटली," अण्णा म्हणाले. कुठल्या तालुक्याची, ते इथे लिहिणार नाही. तिथे आजही आठव्या दिवशी नळ येतो.

आई तोवर चौकातल्या कॉफीच्या दुकानाबाहेर खुर्ची धरून बसली होती. पर्समधून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली होती. "मला इथनं सगळं दिसतंय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. टेबल डुगडुगत होतं. तिने माझी सहा गोष्टींची यादी चौपदरी घडी करून पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं, आणि खोटं कशाला बोलू, मीही झाले.

दुपारी जेवायला बसलो. सेगोव्हिया शेजारच्या ला ग्रान्हाच्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. आईने शेजारच्या टेबलावर ते पाहिले. "अगं, ही आपली डबल बी!" मागवली. पहिला डाव घातला तर तळातून डुकराचा कान वर आला. आईने तो कान बराच वेळ न्याहाळला आणि दशमीचा डबा पुन्हा उघडला.

इथलं खरं कौतुक मात्र भाजलेल्या पिल्लाचं. तीनेक आठवड्यांचं, आईच्या दुधावरचं डुकराचं पिल्लू. ते किती लुसलुशीत झालंय हे दाखवायला वाढपी सुरी घेत नाही, चिनी मातीच्या बशीच्या कडेने त्याचे तुकडे करतो. आणि झालं की ती बशी जमिनीवर आपटून फोडतो. रिवाजच आहे तो. आईला रिवाज ठाऊक नव्हता. बशी खळ्ळकन फुटली तशी ती वाढप्याकडे वळून मायेने म्हणाली, "असू दे, असू दे. होतं असं." पाच मिनिटांनी पलीकडच्या टेबलावर त्याने दुसरी फोडली. तेव्हा मात्र आई हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "याला कामावरून काढणार बघ."

जेवणं उरकायला चार वाजले. सगळी दुकानं बंद. रात्रीचं जेवण नऊच्या आत कुणी विचारतही नाही. आमच्याकडे साडेसातला पानं घेतात, त्यामुळे मधले पाच तास काय करायचं हा प्रश्न होता. अण्णांनी सोडवला. ते झोपले.

संध्याकाळी सैतान भेटला. जलवाहिनीच्या वरच्या अंगाला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. ढेरपोट्या, हसरा, हातात मोबाइल धरून सेल्फी काढणारा. २०१९ साली तो बसवला तेव्हा काही गावकऱ्यांनी विरोधात सह्या गोळा केल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. तक्रार अशी, की सैतान फारच प्रेमळ दिसतोय. त्याची गोष्ट मी अण्णांना वाचून दाखवली. पाणी भरणारी एक मुलगी रोज घागरी घेऊन चढ चढून वैतागली. सैतानाशी तिचा करार झाला. कोंबडा आरवायच्या आत दारात पाणी आणलंस तर माझा आत्मा तुझा. सैतान रात्रभर दगड रचत राहिला. शेवटचा एक दगड उरला आणि कोंबडा आरवला.

"मग?"

"मग काय, पोरगी सुटली. जलवाहिनी गावाला फुकटात मिळाली."

अण्णा एवढे खूश झालेले मी क्वचितच पाहिलेत. "एका दगडासाठी सगळं बिल नामंजूर! याला म्हणतात मुदतीची अट. आपल्याकडं असता तर कंत्राटदारानं कोंबड्याकडूनच मुदतवाढ लिहून घेतली असती." सैतानाबरोबर फोटो काढायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही कंत्राटदारासोबत फोटो नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तरी किल्ला बघू, असं मी ठरवलं. पण कमानी संपल्या की पाणी गावात जमिनीखालून जायचं आणि त्या वाटेवर, फरसबंदीत, धातूच्या खुणा बसवलेल्या आहेत. त्या लेकीला दिसल्या आणि तिने आजोबांना दाखवल्या. झालं. आजोबा-नात खाली मान घालून निघाले, मागून आम्ही. मोठा चौक आला, त्यांनी पाहिला नाही. कॅथीड्रल आलं. त्याला 'कॅथीड्रलांमधली बाईसाहेब' म्हणतात म्हणे, तिच्यासमोर अण्णा वाकून पुढची खूण शोधत होते. बघणाऱ्याला वाटावं, केवढा भाविक माणूस. असं करत करत खुणा थेट अल्काझारच्या दारात पोचल्या. दोन नद्यांच्या बेचक्यात, कड्यावर, जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला किल्ला. अण्णांनी मान वर केली आणि सगळी योजना, तिचं शेवटचं टोक म्हणजे टेल धरून, त्यांना एका नजरेत कळली.

"टेलला पाणी कधी पोचत नाही," ते म्हणाले. "पण टेलला राजा बसला की पोचतं."

आत जायचं तिकीट आम्ही काढलं नाही. आई म्हणाली, पायऱ्या फार दिसतायत.

परतताना अण्णा पुन्हा चौकात थांबले. जलवाहिनीच्या मधोमध, वर, एक लांब दगडी पट्टा आहे. त्यावर कधीकाळी ब्राँझची अक्षरं होती. कोणी बांधलं, कधी बांधलं, त्याची पाटी. अक्षरं केव्हाच गेली, ती बसवायची भोकं तेवढी उरली. या भोकांच्या जागांवरून विद्वान मंडळी मजकूर जुळवायला बघतात. अण्णांच्या तालुक्याच्या टाकीला संगमरवरी कोनशिला आहे, तीवर मंत्र्यांचं नाव आहे आणि कुणाकुणाच्या उपस्थितीत ते आहे. अण्णांचं नाही. यावर ते कधी काही बोललेले नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. नुसता मोबाइल वर धरला आणि बराच वेळ फोटो काढत राहिले.

तो फोटो आता त्यांच्या बैठकीत आहे, चौकटीत घालून. अण्णा त्यात नाहीत, आम्ही कुणीच नाही. दगड आणि भोकं. येणारे-जाणारे विचारतात, हे काय आहे? आई सांगते, "यांच्या खात्याचं आहे."