चाळ धुवायचे किती घेशील?

आमच्या भाच्याने भिंती धुण्याचं मशीन घेतलं. 150 बारचा झोत, मिनिटाला आठ लिटर पाणी. पूजा झाली, नारळ फुटला आणि गिरगावातली आमची तीन मजली चाळ पहिलं गिऱ्हाईक ठरली. दर तेवढा सांगायचा राहिला होता.

पोरगं हिशेबी. दर्शनी भिंत 60 फूट बाय 50, म्हणजे 30 ब्रास. दोन दिवसांत साडेसात हजार लिटर पाणी. नळाला पहाटे तासभर येतं ते पिण्याचं, तेव्हा टँकर आला. परांची, टेम्पो, दोन पोरांची हजेरी. खर्चच 14 हजार. त्याने चौरस फुटाला 8 रुपये लावून 24 हजारांचा कागद दिला.

कमिटीत पहिला प्रश्न निघाला, धुण्याचे पैसे कसले? 2023 च्या हिवाळ्यात हवा बिघडली तेव्हा पालिकेने टँकर लावून रस्ते धुतले, कुणी पावती फाडली का? मग सेक्रेटरी काका मायेने म्हणाले, "अरे, तू घरचा. त्यात पहिलंच काम. 3 रुपये घे, तुझं नाव आम्ही करतो." वर जिना, गच्ची आणि "आलाच आहेस तर" गणपती बसतो तिथली फरशी.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा मात्र कडवा विरोध. चाळ चकाचक दिसली तर पावसाळ्याआधी निघणाऱ्या म्हाडाच्या अतिधोकादायक यादीत ती लागणार कशी? पुनर्विकास मागे पडेल! चाळ गंभीर झाली. शेवटी पुढची बाजू धुवायची आणि मागची धोकादायक ठेवायची, असं ठरलं.

मी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, या चाळीसमोर पहिला आकडा जपून बोल. 1947 च्या भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं हेच प्रमाण भाडं धरलं, आणि त्यावर इथे तीन पिढ्यांची लग्नं लागली. इथे सवलत म्हणून दिलेला दर नातवंडांना वारशात मिळतो. तो म्हणाला, "मामा, हा फक्त सुरुवातीचा दर आहे." 1940 च्या मालकालाही असंच वाटलं असणार.

पहिल्या दुपारी मळ निघाला. मग चुन्याचा गिलावा निघाला. जुन्या चुन्याला मऊ ब्रश लागतो, 150 बार नाही. त्याखालून कुठल्याशा निवडणुकीतली रंगवलेली बैलजोडी बाहेर आली. आजोबा खूश! गिलाव्यापोटी दोन हजार कापून सात हजार हातावर ठेवले गेले.

शेजारच्या वाडीचा फोन लगेच आला, "तिकडे तीन, मग आम्ही काय परके?" दादरची सोसायटीही तीनवरच अडली. तिथे तर कबुतरांनी सज्जे लिंपलेले. (2025 च्या ऑगस्टमध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा सगळ्या दादरात दोन्ही बाजू सोडून हळहळणारा भाचा एकटाच. कच्चा मालच बंद!)

परवा लालबागच्या एका टॉवरमधून विचारणा आली. गिरणीच्या जागेवरचा, काचेचा. जीएसटी नंबर, मजुरांचा विमा आणि आधीच्या कामाचा दाखला हवा. भाचा हरखला. या वेळी 40 रुपये लावले आणि दाखल्याखाली आमच्या चाळीचं नाव आणि काकांचा नंबर दिला.

मॅनेजरने फोन केला. काकांनी शब्द पाळला, नाव अगदी तोंड भरून केलं. पोरगा गुणी, वक्तशीर, निर्व्यसनी.

"आणि दर?"

"तीन रुपये. फरशी धरून."