पोट पोळ्यापासून दुखतं

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला वैद्यकीय महाविद्यालयात बोलावतात तेव्हा त्याचा तास हमखास जेवणानंतर ठेवतात. वर पंखा, बाहेर नागपूरचं ऊन. जागी असलेली मुलं पहिला प्रश्न विचारतात, "सर, हे परीक्षेला येतं का?"

येतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा भाग घातलेला आहे. त्याला सगळे 'एटकॉम' म्हणतात. 'येतं' म्हटल्याबरोबर वह्या उघडतात आणि सहानुभूतीचे पाच मुद्दे तयार होतात. 'रुग्णाकडे पाहून बोलावे' हा त्यातला हुकमी गुणांचा मुद्दा असावा; तो उतरवून घेताना कुणीही मान वर करत नाही.

म्हणून हल्ली मी कविता बाजूला ठेवून पोटदुखीपासून सुरुवात करतो. 'कधीपासून दुखतं?' या प्रश्नाला आपल्याकडचा पेशंट 'तीन आठवडे' असं उत्तर देत नाही. "पोळ्यापासून दुखून रायलं जी," म्हणतो. मग मारबतीच्या दिवशी वाढलं, महालक्ष्म्यांच्या जेवणाला जरा बरं होतं, मध्येच बैल आजारी पडला, असं करत कहाणी आजपर्यंत येते. परराज्यातून आलेल्या मुलांना मारबत समजावून सांगावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात, रोगराई घेऊन जा म्हणून अख्खं शहर त्यांच्यामागे ओरडत असतं. आमच्या पेशंटची पोटदुखी तेवढी मागे राहते.

केसपेपरवर लिहायला डॉक्टरला हवा असतो एक आकडा. १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. पेशंट बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी अठरा सेकंदांत त्याला तोडतात, असं त्यात दिसलं. आमच्या माणसाचा अठरा सेकंदांत पोळासुद्धा उजाडत नाही! आणि डॉक्टरलाही काय बोलणार? दाराबाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली असते.

तरी ऐकणारे याच शहरात शिकले. अभय बंग आणि राणी बंग, दोघंही इथल्या मेडिकलचे विद्यार्थी. पुढे त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. दवाखान्यात का येत नाही, हे त्यांनी गोंड लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची वाटते, कारण प्रेताला पांढरं कापड गुंडाळतात. शिवाय घरच्यांना जवळ राहू देत नाहीत, असं उत्तर आलं. मग दवाखाना झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना जागा मिळाली आणि नाव लागलं माँ दंतेश्वरीचं. एटकॉम तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातही नव्या मुलांना सुरुवातीला गांधीजींच्या आश्रमात राहायला पाठवतात. माझ्या जेवणानंतरच्या तासापेक्षा ही सोय कितीतरी बरी. ऐकण्याची सवय फळ्यावर लिहून लागत नाही, हे माझं मत. पाच मुद्दे लिहिणाऱ्यांना ते पटत नाही.

तेव्हा ओपीडीत एखाद्या तरुण डॉक्टरने तुमची पोळ्यापासूनची कहाणी मध्ये न तोडता ऐकली, तर जाताना 'बरं वाटलं' एवढं त्याला सांगा. फक्त बैलाचं प्रकरण जरा आवरतं घ्या, मागे रांग आहे.