चिंतामणीचं टिंब

आमच्या जळगावच्या गल्लीतल्या नानांनी तीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, म्हणून स्क्रोल सॉ आली. आली म्हणजे आधी गॉगल आला, मग मास्क, मग खिसेच खिसे असलेला एप्रन, मग मशीन. लाकूड सगळ्यांत शेवटी आठवलं. तबला शिकायला निघाले तेव्हाही नानांनी आधी हातोडीच घेतली होती.

“ही सोनाराच्या करवतीची विजेवरची बहीण,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खोटं नाही. सराफ बाजारातला कारागीर तसल्याच बारीक पात्याने सोन्याच्या पत्र्यातून नक्षी काढतो. फरक इतकाच, तिथला कीस जपून ठेवतात, नानांचा भुसा काकू झाडतात.

पहिल्याच दिवशी फळी बेडकासारखी उड्या मारू लागली. “मशीनमध्ये फॉल्ट आहे,” नाना म्हणाले. पात्याचे दात खाली हवेत, नानांनी वर ठेवले होते. मग ताणाचा प्रश्न आला. पातं सैल राहिलं की रेघ सोडून भरकटतं. छेडल्यावर स्वच्छ वाजलं पाहिजे. नाना पडले भजनी मंडळाचे. पेटी घेऊन बसले आणि काळी चार लागता लागता डझनातलं सातवं पातं तुटलं. त्यात मे महिना. पंखा लावला की भुसा उडायचा, बंद केला की नाना पाझरायचे.

शेवटी धुळ्याचे एक मिस्त्री आले; नाना तिकडे बदलीवर असतानाचे खातेदार. चहा संपेपर्यंत ते गप्प पाहत राहिले. वळण आलं की नाना फळी घट्ट धरून स्वतःच टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत होते. कप खाली ठेवून मिस्त्री म्हणाले, “साहेब, पातं जागावरच ऱ्हास. लाकूड फिरावनं पडस.”

त्या एका वाक्यावर नानांनी घराची पाटी कापायला घेतली : ‘चिंतामणी’. वेलांटीच्या कमानीतली जागा काढायला आधी छिद्र पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणायचं. नानांनी तेही केलं. देवनागरीची शिरोरेषा मोठी कामाची. सगळी अक्षरं एका दांडीला धरून ठेवते. धरत नाही फक्त अनुस्वाराला. ते सुटं टिंब भुशात पडलं आणि काकूंच्या केरसुणीबरोबर गेलं.

पाटी दारावर चढली. काकूंनी मोठ्याने वाचली, “चितामणी. अहो, हे घर आहे की मेहरूणचं स्मशान?”

नाना नवं टिंब कापायला बसले. वाटाण्याएवढा तुकडा पकडताना बोटच कापायची वेळ आली, तेव्हा काकूंनी आरशावरची टिकली काढून वेलांटीवर चिकटवली.

पाटी आजही तिथेच आहे. टिंब तेवढं दर दिवाळीला बदलावं लागतं.