रत्नागिरीत बर्च

पर्यावरण आपल्याकडे सगळेच शिकतात. नाइलाजाने. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, १९९१ साली न्यायालयाने ‘हा विषय सक्तीने शिकवा’ असं बजावलं, आणि पुढची बारा वर्षं संबंधितांनी त्या आदेशावर सखोल चिंतन केलं. २००३मध्ये न्यायालयाने पुन्हा डोळे वटारले, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यच्चयावत पदवीच्या विद्यार्थ्यांच्या माथी आला. एकूण ५० तास, त्यातले ५ फिरतीचे. बीकॉमला ओझोन, बीएलाही ओझोन.

या सक्तीचं दृश्य फळ म्हणजे प्रोजेक्ट. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो तयार असतो. ‘जलप्रदूषण देऊ की घनकचरा?’ एवढंच तो विचारतो. पहिलं पान बदलायचं, स्पायरल मारायचं, वरून प्लॅस्टिकचं कव्हर. ज्यांना चार गुण जास्त हवेत ते थर्माकोलचं धरण करतात. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्याने २०१८ साली बंदी आणली. थर्माकोलच्या निसर्गाला मात्र अजून दहापैकी आठ पडतात.

आता या गर्दीतली एखादी मुलगी उठते आणि म्हणते, मला यातच बीएस्सी करायचंय. घरात शांतता. मग काका विचारतात, ‘म्हणजे झाडं लावायची?’ आत्या समजुतीने घेते, ‘असू दे, एमपीएससीला उपयोगी पडतं.’

झाडं लावायची नसतात हो, काका. बाटल्या भरायच्या असतात. नदीचं पाणी आणायचं, बीओडीसाठी २७ अंशांवर तीन दिवस झाकून ठेवायचं आणि तेवढ्या वेळात त्यातला किती ऑक्सिजन जिवाणूंनी खाल्ला ते पाहायचं. सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, त्याहून रंगतदार. नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट, मर्क्युरिक सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून दोन तास उकळायचं, मग टायट्रेशन. निळसर हिरवा रंग एका थेंबासरशी विटकरी झाला की ब्युरेटवरचा आकडा लिहून घ्यायचा. नदी किती घाण आहे ते कळलं. आता फ्लास्कमध्ये उरला पारा आणि क्रोमियम. नियमाने ते धोकादायक कचऱ्याच्या कॅनमध्ये जायला हवं. बऱ्याच ठिकाणी कॅन नसतो, बेसिन असतं. बेसिनचा पाइप पुढे कुठे जातो हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

पदवी हातात पडते आणि काका पुन्हा हजर: ‘याला स्कोप काय?’ स्कोप भरपूर आहे, नेमणूक नाही. देशभरातल्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांमध्ये मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी आहेत. हवा मोजायची आहे, पाणी मोजायचं आहे, मोजणारीही तयार आहे; भरतीची जाहिरात तेवढी यायची आहे. तोवर मुलगी कारखान्यात चिकटते. तिथे पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा असं तिन्ही एकटीच्या गळ्यात असतं. ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र भरायचं, सांडपाणी प्रक्रिया केंद्र (ईटीपी) चालू असल्याची लॉगबुकं राखायची आणि ५ जूनला एमडींच्या हातात रोप, शेजारी झारी आणि समोर फोटोग्राफर अशी मांडणी करायची. शेवटचं काम चुकलेलं मात्र खपत नाही.

नाहीतर सल्लागार संस्था. इथे पर्यावरणीय आघाताचे अहवाल तयार होतात. २००६च्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीला, बंदराला, कारखान्याला मंजुरीआधी हा अहवाल लागतो. तो करणारा सल्लागार नेमतो कोण? प्रकल्पवाला. पैसे देतो कोण? प्रकल्पवाला. उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यानेच परीक्षकाचं मानधन द्यायचं, अशी ही सोय. साहजिकच ‘परिणाम नगण्य’ हे दोन शब्द या धंद्यात फार चालतात.

आणि फाटकासमोरचा तो झेरॉक्सवाला? तोही इथपर्यंत पोचला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले परिच्छेद जसेच्या तसे सापडले होते. परिसरातल्या पक्ष्यांचा अधिवास कोणता, तर स्प्रूस आणि बर्चची जंगलं! कोकणात. जिथे आंबा, काजू आणि फणसापुढे चौथं नाव घ्यायला शेंबडं पोरही अडत नाही, तिथे सैबेरियाच्या वाटेवरची झाडं. हे काम कुणा दुसऱ्या वर्षाच्या ढकलपासाचं नव्हतं, नामांकित सल्लागाराचं होतं. प्रोजेक्ट कसा करायचा याची सवय आपण लहानपणीच लावतो, ती मोठेपणी अशी उपयोगी पडते.

ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं पडू लागली, तेव्हा सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनी. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. पर्यावरणशास्त्राच्या पोरांना कळवळा कमी असतो असं अजिबात नाही. त्यांना आघात-मूल्यमापनाची व्याख्या पाच गुणांसाठी पाठ असते; अहवाल हातात घेऊन तो खोटा कसा पाडायचा, हे कुणी शिकवत नाही. माझ्या मते या पदवीचं सगळ्यात मोठं अपयश हेच आहे, नोकऱ्यांचं रडगाणं त्यानंतर.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना एक विनंती. ते फिरतीचे तास बागेत घालवू नका. अशा प्रकल्पांच्या जनसुनावणीची जाहिरात मराठी वर्तमानपत्रात किमान ३० दिवस आधी येते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो, सोबत मराठी सारांशही असतो. पोरांना तो वाचायला लावा आणि झाडांची यादी घेऊन जागेवर न्या. चुका सापडल्या तर लेखी हरकत द्या. सुनावणीला कोरमची अट नाही. कुणीच फिरकलं नाही तरी ती कागदोपत्री रीतसर पार पडते.