बंगला कुणी बांधला? नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

लागणारं साहित्य: एक जुनं घर (शक्यतो दुसऱ्याचं), एक वही, एक टॉर्च, पावसाळी छत्री, आधारकार्डाच्या झेरॉक्स जितक्या असतील तितक्या, मोडी वाचणारा एक स्नेही आणि घरच्यांचा संयम. शेवटचा जिन्नस बाजारात मिळत नाही.

पायरी पहिली: घर निवडा

लोणावळा-खंडाळ्यात याची ददात नाही. गेटला कुलूप, भिंतीला शेवाळ, आत आंबा आणि बाहेर 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी दिसली की समजावं, घर संशोधनाला योग्य आहे. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मात्र निघू नका. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेतून पोहोचेपर्यंत घर आणखी जुनं झालेलं असेल. वॉचमनला 'काका' म्हणा आणि चहा पाजा. घराबद्दल त्यांच्याइतकं मालकालाही ठाऊक नसतं.

पायरी दुसरी: गव्हर्नरला बाजूला करा

गावात शिरताच कुणीतरी सांगेल की लोणावळा १८७१ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने शोधून काढलं. हे छापील माहितीपत्रकातही सापडतं. वहीत लिहून घ्या, वाद घालू नका. घरी येऊन ताडून बघा. एल्फिन्स्टन नावाचे गव्हर्नर मुंबईला दोन झाले. माउंटस्टुअर्ट १८५९ मध्ये वारले आणि लॉर्ड जॉन १८६० मध्ये. १८७१ साली गव्हर्नरच्या खुर्चीत सेमूर फिट्झजेराल्ड होते. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १८५८ सालीच आली होती आणि बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला होता. ज्या गावावरून रोज गाडी जाते ते गाव शोधण्यासारखं राहतं कुठे?

धडा एवढाच: कुणी थोरामोठ्याचं नाव घराला चिकटवलं, की आधी त्याच्या मृत्यूचं साल बघावं. निम्मे मालक इथेच गळतात.

पायरी तिसरी: भुताची साक्ष घ्या

दहा वर्षं बंद असलेल्या प्रत्येक बंगल्यात भूत असतं आणि ते बहुधा गोऱ्या मडमेचं असतं. हसू नका, ऐकून घ्या. या गोष्टींत सगळंच खोटं नसतं. कोणता जिना, कोणती खोली, कोणती विहीर एवढं त्यातून कळतं. पण एक लक्षात ठेवा: भूत नेहमी मालकाचं किंवा पाहुण्याचं असतं. बंगला बांधणाऱ्या गवंड्याचं भूत कुणी पाहिलेलं नाही. या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

पायरी चौथी: घराचं अंग तपासा

छपराचं उतरवलेलं एखादं मंगलोरी कौल मागच्या अंगणात सापडेल. उलटं करून माती पुसा. कारखान्याचं नाव आणि साल उठावात छापलेलं दिसेल. '१८६५' वाचून नवशिका उडीच मारतो. जरा थांबा. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते हे साल. कौल नंतर कितीही वर्षांनी भाजलेलं असू शकतं. शिवाय लोणावळ्याच्या पावसात छप्पर किती वेळा शाकारलं असेल याचा हिशेब कोण ठेवतो? छप्पर नातवाचं आणि जोतं आजोबांचं, असं इथे सर्रास असतं. म्हणून वयाचा अंदाज जोत्याच्या काळ्या दगडावरून बांधावा आणि दुरुस्तीचा कौलावरून. लोखंडी तुळईवर 'टाटा' उमटलं असेल तर ती १९१२ च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या सालापासून निघू लागलं. तुळई पुढे घातली की मुळातली, हे वॉचमनकाकांना विचारा.

पायरी पाचवी: कागद मिळवा

आता कचेरी. नगरपालिका हद्दीतल्या घरासाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि जुनी घरपट्टी आकारणीची वही मागा. लोणावळ्याची नगरपालिका १८७७ ची आहे. घर खेड्यात असेल तर सातबारा आणि त्याच्यामागचे फेरफार पाहावे लागतील, त्यासाठी मावळ तालुक्याचं वडगाव गाठा. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोन. तलाठ्याला 'भाऊसाहेब' म्हणा आणि जेवणाची सुट्टी सोडून जा. वकील तीस वर्षांचा सर्च घेऊन मोकळा होतो. तुम्हाला हवीत दीडशे, त्यामुळे 'जमीन घ्यायचीय का?' असं तुम्हाला विचारलं जाईल. 'नाही, नुसता इतिहास' असं उत्तर दिलंत की संशय दुप्पट वाढतो.

मालक मुंबईचा शेठ निघाला तर त्याच्या मृत्युपत्राचा माग मुंबईच्या उच्च न्यायालयात आणि सरकारी पत्रव्यवहाराचा माग राज्य पुराभिलेखागारात. ते वसलं काळ्या घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. म्हणजे साहेब अखेर भेटतातच.

पायरी सहावी: साल जुळवा

पेशवाईपर्यंत मागे जायचं तर पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मोडीवाला स्नेही यांना पर्याय नाही. शके दिसला तर ७८ मिळवा, फसली दिसला तर ५९०. बेरीज चुकली तर घर शिवाजी महाराजांच्या काळात जातं. असं झालं तरी गावात कुणाची हरकत नसते.

पायरी सातवी: आता मूळ प्रश्न

एवढं झाल्यावर तुमच्याकडे मालकांची अखंड माळ तयार असेल: कुणी घेतला, कुणी विकला, कुणी गहाण टाकला. सातबाऱ्यात विहिरीला रकाना आहे, पिकाला आहे. बांधणाऱ्याला कुठेच नाही. मार्गदर्शिकेचं शीर्षक पुन्हा वाचा. 'बांधला' म्हणजे आपण सगळे 'पैसे दिले' असंच धरून चाललो होतो.

राबणाऱ्यांची नावं न राखण्याचा हा नियम घाटाएवढा जुना आहे. बोरघाटाच्या लोहमार्गाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, भारतात येऊन फार दिवस होण्याआधीच वारले. मग काम पुढे नेलं त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी. दोघांची नावं इतिहासात आहेत. १८६१ मध्ये या कामावर चाळीस हजारांवर माणसं राबत होती. त्यांची नावं शोधायला कोणत्या खिडकीवर अर्ज करायचा?

म्हणून शेवटचा पाठ कार्ल्याच्या लेण्यांत जाऊन घ्या. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर वैजयंतीच्या भूतपाल शेठचा लेख आहे: हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम. महामार्गावरच्या सेकंड होमच्या जाहिराती आजही याच थाटात बोलतात. पण तिथेच आणखी एक छोटा लेख आहे. घराचं दार धेनुकाकटच्या वेणुवासपुत्र सामी या सुताराने केलं, असं तो सांगतो. दोन हजार वर्षं होत आली. मावळात शेठजी आणि सुतार एकाच भिंतीवर नाव राखून आहेत.

तेव्हा तुमच्या संशोधनाला यश येवो न येवो, एक करा. स्वतःच्या घराचं काम काढाल तेव्हा गवंडी, सुतार, प्लंबर यांची पूर्ण नावं आणि साल कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. शंभर वर्षांनी तुमच्या घरामागे लागणाऱ्या नवशिक्याची निदान सातवी पायरी तरी सोपी होईल.