ते जूनमध्ये

कार्तिकी एकादशीच्या सकाळी वरच्या मजल्यावरून लिंबाचा वास यायला लागला की आम्ही ओळखतो, तात्यांची सुट्टी लागली.

लिंबाचं कारण सांगायला हवं. पंढरपुरात वारीच्या दिवसांत विठोबाचा पलंग काढून ठेवतात. चोवीस तास दर्शन, देवाला झोप नाही. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात आणि शीण जावा म्हणून रात्री काढा देतात. हे तात्यांच्या वाचनात आलं, तेव्हा ते काकूंना म्हणाले, "देव थोडे दिवस उभा राहतो तर त्याला काढा. मी जूनपासून बसलोय!" काकूंनी लिंबू आणि साखर समोर ठेवली आणि सांगितलं, "पाय तुमचे तुम्ही चोळा." तेव्हापासून ही पूजा दरसाल होते. पंढरपुरात ती एकादशीनंतर काही दिवसांनी असते. तात्यांना तेवढा धीर नाही.

तात्या दिवाळी अंकांचे लेखक. पोस्टातून निवृत्त झालेत, पण लिहितात त्याआधीपासून. दरवर्षी दोन कथा, एक ललित, एक विनोदी, असा त्यांचा पेरा ठरलेला. एका वर्षी ज्योतिषीबुवा ऐनवेळी आजारी पडले म्हणून तूळ ते मीन भविष्यही त्यांनीच लिहून दिलं होतं. माझी रास कुंभ. त्या वर्षी मला 'वरच्या मजल्यावरील ज्येष्ठ व्यक्तीकडून लाभ' होता. झाला नाही.

या सगळ्या दगदगीबद्दल त्यांचा राग एकाच माणसावर आहे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या मागे ही साडेसाती लागली, असं त्यांचं मत आहे. मित्र मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापायी त्यांनी हे आडनाव घेतलं. "नाव मित्र आणि काम शत्रूचं," तात्या म्हणतात. "त्यांनी अंक काढला नसता तर मी आज पावसाळ्यात भजी खात बसलो असतो." भजी ते पावसाळ्यातही खातात, पण हातात पेन धरून. त्यामुळे त्यांच्या हस्तलिखिताची पानं उजेडात धरली तर पारदर्शक दिसतात.

दुसरी तक्रार पंचांगाबद्दल. आषाढी एकादशीला देव झोपतो, कार्तिकीला उठतो. म्हणजे देवाच्या झोपेचे चार महिने ते तात्यांच्या बाळंतकळांचे. मुदत ३१ जुलैची असते, पण ती फक्त कागदावर. खरी मुदत गौरी जेवल्या की सुरू होते आणि संपादकाचा आवाज बसला की संपते. मग मुद्रितं, मग अंक येईपर्यंतचा जीव टांगणीला, मग आलेल्या अंकात मुद्राराक्षसाने केलेली नासधूस. ('विरहिणी'चं एकदा 'विहिरणी' झालं होतं. एका वाचकाने पाण्याच्या प्रश्नावर लिहिल्याबद्दल अभिनंदनाचं पत्र पाठवलं.) हे सगळं आटोपून हा माणूस मोकळा होतो तो देव उठतो त्या दिवशी. "कुणीतरी एकाने जागं राहायलाच हवं," असं म्हणून तात्या आडवे होतात.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, आळशी माणूस आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण आळशी माणसाला नियम नसतात. तात्यांच्या सुट्टीला एक नियम आहे, आणि तो इतका कडक आहे की पोस्टातही त्यांनी एवढी शिस्त पाळली नसेल. आदि, मध्य आणि अंत असलेलं कुठलंही काम सुट्टीत करायचं नाही.

गळका नळ दुरुस्त करणं बसत नाही, कारण त्यात अंत आहे. बँकेत जाणं बसत नाही. तात्या निघतात, पण अर्ध्या वाटेवर ऊन चांगलं पडलं आहे असं ध्यानात आलं की परत येतात. सिनेमा मध्यंतरापर्यंत. क्रिकेटमध्ये फक्त कसोटी सामना आणि तोही अनिर्णित राहावा अशी मनोमन इच्छा. इतरांचे दिवाळी अंक ते उघडत नाहीत. बरं निघालं तर मत्सर होतो, आणि मत्सर म्हणजे काम.

मटार सोलणं मात्र बसतं. डिसेंबरात गच्चीवर सतरंजी टाकून उन्हाकडे पाठ करून तात्या किलो-किलो मटार सोलतात. स्वतःच्या घरचे संपले की आमच्याकडचे मागतात. "मटारात कथानक नसतं," ते म्हणतात. "एक शेंग दुसरीचं कारण नसते." पावटे निवडायला ते राजी नसतात. त्यात किडका निघाला की संघर्ष आला. संक्रांतीला तीळ भाजतात, पण वड्या पाडत नाहीत. मार्चमध्ये कुरडयांची राखण त्यांच्याकडे. ही कामगिरी त्यांच्या प्रकृतीला फार मानवते, कारण काही घडू न देणं एवढंच तिचं उद्दिष्ट. एका हातात काठी, डोक्यावर ओला पंचा, डोळे मिटलेले. गच्चीवरचे कावळे आता या काठीवरच बसतात.

हे सारं आम्ही कौतुकाने बघितलं असतं. अडचण एकच आहे. तात्या गप्पिष्ट आहेत, आणि हा नियम ते गप्पांनाही लावतात.

म्हणजे काय, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत गच्चीवर आम्ही सात-आठ जण हुरडा खात बसलो होतो. तात्यांनी सुरुवात केली. साताऱ्याहून केळघर घाटातून जाणारी मुक्कामी एसटी. डिसेंबरची रात्र. मेढ्याच्या स्टँडवर एक म्हातारा चढतो, बरोबर पत्र्याची पेटी. कंडक्टर म्हणतो, पेटी टपावर टाका. म्हातारा म्हणतो, टपावर नाही, मांडीवर. कंडक्टर म्हणतो, मग पेटीचं अर्धं तिकीट. म्हातारा शांतपणे पैसे काढतो आणि म्हणतो, "अर्धं नको. पुरं द्या. बारा वर्षं झाली की तिला." गाडीत शांतता. ड्रायव्हर आरशातून मागे बघतो. घाटाच्या तोंडाशी गाडी आपोआप बंद पडते. आणि पेटीतून...

तात्यांनी हुरड्याची मूठ तोंडात टाकली, चटणी बोटाने चाटली आणि सूर्याकडे बघत बसले.

"मग?" आम्ही सगळे.

"ते जूनमध्ये."

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, एकदा चहाची लाच दिली. तात्या म्हणाले, "अरे, शेवट करणं हा माझा धंदा आहे. सुट्टीत न्हावी कुणाची दाढी करतो का?" मी म्हटलं, अर्धी करून उठत तरी नाही. यावर त्यांनी माझ्याकडे प्रसन्नपणे बघितलं आणि पुन्हा मटार घेतले.

ती पेटी आमच्या घरात मुक्कामालाच आली. माझ्या मुलीच्या मते तिच्यात लांडोर होती. सासूबाईंच्या मते देवीचा मुखवटा, कारण बारा वर्षं म्हणजे तप. तळमजल्यावरच्या निवृत्त फौजदारांनी सांगितलं, हाडं. आणि त्यानंतर दोन दिवस मुलगी एकटी झोपेना. मी कचेरीत हिशेब तपासताना मध्येच थांबायचो. पुरं तिकीट का? घाटाआधीच गाडी का बंद पडली? आरशात ड्रायव्हरला काय दिसलं?

सुट्टीतल्या लेखकाला सर्वात मोठा उपद्रव 'दोन ओळीं'चा असतो. "तात्या, तुमच्या हातचा मळ," असं म्हणत माणसं येतात आणि लग्नपत्रिकेचा मजकूर, डोहाळजेवणाचा उखाणा, निरोपसमारंभाचं भाषण मागतात. तात्या सर्वांना हात जोडतात. फक्त एकदा ते चुकले. फेब्रुवारीत सेक्रेटरी गावाला गेले होते आणि टाकी धुवायची होती, म्हणून नोटीस तात्यांनी लिहिली. 'उद्या पाणी नाही.' तीन शब्द. खाली कुणीतरी पेनने लिहिलं, 'का?' तात्या भाजी घेऊन जिना चढत होते. त्यांनी सवयीने खाली लिहिलं, 'ते जूनमध्ये.'

पुण्यात हे कुणालाही अशक्य वाटलं नाही. दुपारपर्यंत आमच्या सोसायटीतून तीन टँकरवाल्यांकडे चौकशी गेली होती आणि दोन कुटुंबं माहेरी जायच्या तयारीत होती.

सुट्टीच्या समर्थनार्थ तात्यांचा हुकमी एक्का म्हणजे भालचंद्र नेमाडे. "'झूल' १९७९, 'हिंदू' २०१०. एकतीस वर्षं! कुणी विचारलं त्यांना?" सगळ्यांनीच विचारलं होतं, पण ते असो. मधल्या काळात नेमाडे शिकवत होते, 'टीकास्वयंवर' आलं होतं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, 'देखणी'तल्या कविता आल्या होत्या, हे तात्यांच्या हिशेबात धरलेलं नसतं. काकूंना या तपशिलाची गरज भासत नाही. त्या कणीक मळता मळता म्हणतात, "आधी 'झूल' लिहा. मग झोपा एकतीस वर्षं, मी उठवायला येणार नाही."

काकूंच्या पुढे तात्यांचं काही चालत नाही, आणि त्यांच्या धाकट्या भावापुढेही. भाऊ गावी शेती करतो. तात्यांनी त्याला एकदा समजावलं, की जमीन जशी पड टाकावी लागते, उन्हाळ्यात नांगरून तापू द्यावी लागते, ढेकळं भाजली की तण आणि कीड मरते, तसंच लेखकाचं आहे. भावाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरंय दादा. पर पड टाकलेल्या रानाच्याबी बांधावरनं रोज चक्कर मारावी लागती. न्हाईतर शेजारी हळूच नांगर आत घालतोय."

तात्या त्यावर हसले होते. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांना ते हसू आठवलं असावं.

एरवी मेच्या पहिल्या पंधरवड्यात निमंत्रणं येतात. पूर्वी पोस्टकार्डं यायची, आता मोबाइलवर येतात: विषय आपल्या आवडीचा, शब्दमर्यादा अडीच हजार. तात्या ती वाचून कपाळाला हात लावतात, "आलं संकट," म्हणतात आणि ताठ होऊन चालायला लागतात. गेल्या वर्षी १५ मे उलटला, संकट आलं नाही. दोन अंक बंद पडल्याचं कानावर होतं. तात्या आंबे खात होते, पण कोय नीट चोखत नव्हते. एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. "जरा मला फोन लाव रे. वाजतो का बघू."

मी लावला. त्यांच्या खिशात वाजला.

"वाजतो," ते म्हणाले, आणि इतक्या पडक्या आवाजात म्हणाले की मी त्यांना आत बोलावून पन्हं दिलं. ते बराच वेळ ग्लास धरून बसले. मग आपणहून म्हणाले, "नळ दुरुस्त करावा म्हणतो." सहा महिने गळणारा तो नळ त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच दुरुस्त केला. बँकेत शेवटपर्यंत जाऊन आले. काकू घाबरल्या आणि त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

मेच्या २८ तारखेला गच्चीवर कुरडयांचे डबे उचलताना तात्यांचा फोन वाजला. त्यांनी तो चार वेळा वाजू दिला. मग आवाजात झोप आणून म्हणाले, "यंदा काही जमेल असं वाटत नाही हो. सध्या मी पूर्ण विश्रांतीत... हो हो... तसं काही नाही... किती शब्द?"

पाऊस पडला. वरून येरझाऱ्या ऐकू यायला लागल्या, भज्यांचा वास यायला लागला, काकू दार लोटून घ्यायला लागल्या. जिन्यात भेटले तर तात्या ओळख देत नव्हते. जुलैत मी धीर करून विचारलं, "तात्या, पेटी?" ते दचकले. "तीच लिहितोय," म्हणाले, आणि असे वर गेले की जणू मीच उधारी मागितली होती. नुसता जून म्हणाले होते. कुठल्या सालचा, हे आम्हीच विचारलं नव्हतं.

अंक दसऱ्यानंतर आला. मी विकत घेतला. घरात सगळ्यांना बसवून कथा मोठ्याने वाचली. गाडी आहे, म्हातारा आहे, पुरं तिकीट आहे, सगळं गच्चीवर सांगितलं तसंच. मग पेटी उघडते. पेटीत जुनी पत्रं निघतात. मराठी दिवाळी अंकातल्या पेटीत दुसरं काय निघणार!

मुलगी म्हणाली, "बाबा, लांडोर बरी होती."

तात्यांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलं, छान जमली आहे, कारण कार्तिकी दोन दिवसांवर आली होती आणि वर लिंबं आणून ठेवलेली होती. पण इथे लिहायला हरकत नाही, ते सुट्टीत दिवाळी अंक उघडत नाहीत: तात्यांनी मेढ्याच्या स्टँडवरून गाडीत चढवलेली आणि हुरड्याच्या मुठीपाशी सोडून दिलेली ती बंद पेटी, ही त्यांची आजवरची सर्वात चांगली कथा आहे.